हललेला फोटो, आईचा चेहरा आणि सॉफ्टवेअर : कितपत परत येतं?

सावलीपान

आई जाऊन आठ महिने झाले. तिचे फोटो ढीगभर आहेत, पण सगळे कॅमेऱ्याकडे बघून सावरून बसलेले. एकाच फोटोत ती तिच्यासारखी आहे. खिडकीशी पुस्तक घेऊन बसली आहे, मी काहीतरी बोलले म्हणून मान वर केली आहे आणि हसू नुकतंच फुटतंय. नेमका तोच हललाय. संध्याकाळचा उजेड, हातात मोबाइल आणि मी घाईत. लहान आकारात बरा दिसतो, मोठा केला की डोळे आणि ओठ बोटाने पुसल्यासारखे दिसतात.

आधी फोनमधल्याच एडिटरमध्ये शार्पनेस शेवटपर्यंत ओढला. चष्म्याच्या काडीभोवती पांढरी रेघ उमटली, डोळे होते तसेच राहिले. मग एका एआय अ‍ॅपमध्ये टाकला. काही सेकंदांत चेहरा लख्ख झाला, पापणीचा केस न् केस मोजता येईल इतका. दोन मिनिटं बघत बसले आणि मग फोन उलटा ठेवून दिला. ती आई नाही. आईची डावी पापणी किंचित उतरलेली असायची, ती सरळ झाली. पुढच्या दोन दातांत फट होती, ती बुजली. कुणीतरी तिच्या वयाची, तिच्यासारखी बाई.

माझा प्रश्न असा की हललेला फोटो खराखुरा सुधारता येतो का? येत असेल तर कशाने? विकतचं, फुकटचं, शिकावं लागणारं, काहीही चालेल. वेळ घालवायची तयारी आहे.

तिपाई

सॉफ्टवेअरच्या आधी एक विचारतो. ही मूळ फाइल आहे का? तिचे पिक्सेल किती? कुठल्या ग्रुपवरून फिरून आलेली प्रत असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे.

नवशिक्या

माझ्याकडेही असे पाचपन्नास फोटो आहेत. वाचतोय.

रवाळ

ताई, तुमच्या दोन्ही प्रयोगांत काय झालं ते सांगतो, म्हणजे पुढे काय करायचं ते ठरवता येईल.

शार्पनेसचा स्लायडर बहुतेक ठिकाणी ‘अनशार्प मास्क’ असतो. हे तंत्र डिजिटलच्या कितीतरी आधीचं, डार्करूमच्या काळातलं आहे. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर पॉझिटिव्ह बनवायची आणि ती निगेटिव्हवर बसवून छापायचं. सॉफ्टवेअर तेच करतं. फोटोची धूसर प्रत काढतं, मूळ फोटोतून ती वजा करतं, उरलेला फरक मूळ फोटोत पुन्हा मिसळतं. परिणामी कडेच्या उजळ बाजूला आणखी उजळ आणि गडद बाजूला आणखी गडद होतं आणि डोळ्याला धार वाढल्यासारखी वाटते. नवीन माहिती काडीचीही येत नाही. तुमची पांढरी रेघ म्हणजे हाच फरक प्रमाणाबाहेर मिसळल्याची खूण.

एआय अ‍ॅपचं उलट आहे. ते तुमच्या फोटोतून थोडंच घेतं, बाकीचं लाखो चेहरे बघून बनलेल्या अंदाजातून भरतं. सर्वसाधारण चेहऱ्याला पापण्या सरळ असतात आणि दातांत फट नसते, म्हणून आईंचंही तसंच झालं.

या दोघांच्या मधे तिसरा रस्ता आहे, ‘डीकॉन्व्होल्यूशन’. फोटो कसा हलला ते शोधायचं आणि ते हलणं गणिताने उलटं करायचं. तुम्हाला हवंय ते हेच. मात्र ते दर वेळी जमत नाही.

उजेडवाट

एआयला एका वाक्यात निकालात काढू नये असं मला वाटतं. आमच्याकडे आजोबांचा एकच फोटो होता, चाळीस माणसांच्या समूहात मागच्या रांगेत, चेहरा हरभऱ्याएवढा. टोपाझ फोटो एआय या सॉफ्टवेअरमधून काढला. बाबांनी तो हातात घेतला आणि अर्धा तास खाली ठेवला नाही. त्यांच्यासाठी ते त्यांचे वडीलच होते. डीकॉन्व्होल्यूशनने त्या हरभऱ्यातून काय निघालं असतं?

रवाळ

@उजेडवाट, काहीच निघालं नसतं, मान्य. बाबांना समाधान मिळालं ते मी नाकारत नाही. माझी हरकत वेगळी आहे. तो फोटो पुढच्या पिढीकडे ‘आजोबांचा फोटो’ म्हणून जाणार. त्यांना ओळखणारं तेव्हा कुणी नसेल आणि तो चेहरा आजोबांचा नव्हता हे सांगायलाही कुणी नसेल. मागे काहीतरी लिहून ठेवा.

२०२० मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘पल्स’ नावाची पद्धत मांडली होती. अगदी ढोबळ चौकड्यांच्या चेहऱ्यातून स्पष्ट चेहरा तयार करणारी. लोकांनी तिला बराक ओबामांचा चौकड्यांचा फोटो दिला तर गोरा माणूस बाहेर आला. चौकडे मात्र तंतोतंत जुळत होते. एकाच धूसर फोटोशी जुळणारे असंख्य स्पष्ट चेहरे असू शकतात आणि यंत्र त्यातला आपल्या सवयीचा निवडतं.

उजेडवाट

मागे लिहून ठेवायचं पटलं. आज रात्रीच लिहिते. समूहाचा मूळ फोटोही त्याच पाकिटात ठेवते.

भिंग

सावलीपान, आधी धूसरपणा कुठल्या जातीचा आहे ते ओळखू या. ढोबळमानाने तीन जाती. फोकस चुकलेला, म्हणजे चेहरा धूसर पण मागची भिंत किंवा पुढचं टेबल स्पष्ट. माणूस हललेला, म्हणजे खिडकी स्पष्ट पण हात किंवा चेहरा ओढल्यासारखा. आणि कॅमेरा हललेला, म्हणजे फोटोभर सगळं एकाच दिशेला ओढलेलं.

आता एक काम करा. खिडकी आईंच्या बाजूला आहे, चष्मा आहे, म्हणजे काचेवर किंवा काडीवर उजेडाचा एक ठिपका नक्की असणार. फोटो पूर्ण मोठा करा आणि फक्त तो ठिपका बघा. कसा दिसतो ते शब्दांत लिहा.

सावलीपान

@तिपाई, मूळ फाइल नाही बहुतेक. १६०० बाय १२०० आहे. फोटो जुन्या फोनने काढला होता, नवा घेतला तेव्हा सगळं इकडे हलवलं, पण हा त्यात आला नाही. माझ्याकडे आहे ती भावाला पाठवलेली प्रत.

@भिंग, बघितला. ठिपका नाहीच. स्वल्पविरामासारखा आकार आहे. वरून तिरका खाली येतो आणि शेवटी डावीकडे वळतो. दुसऱ्या काचेवरही तसाच, जरा फिका. पुस्तकाच्या चकचकीत कव्हरच्या कोपऱ्यावर आहे तोही तसाच.

भिंग

तो स्वल्पविराम म्हणजे तुमचा हात. शटर उघडं असताना फोन ज्या वाटेने सरकला तिची रेघ त्या ठिपक्याने काढून ठेवली आहे. तिन्ही ठिकाणी सारखाच आकार म्हणजे आई स्थिर होत्या, फोन हलला. तिन्ही जातींत ही त्यातल्या त्यात बरी, कारण फोटोतला प्रत्येक बिंदू त्याच वाटेने ओढला गेला आहे आणि ती वाट आपल्याला दिसते आहे. या आकाराला ‘पॉइंट स्प्रेड फंक्शन’ म्हणतात. एक बिंदू पसरून कसा दिसतो, एवढाच त्याचा अर्थ.

तो कळला की उलटा हिशेब करता येतो. विल्यम रिचर्डसन यांनी १९७२ मध्ये आणि लिऑन ल्यूसी यांनी १९७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेली रीत आजही वापरात आहे. आधी स्पष्ट फोटोचा एक अंदाज धरायचा. तो स्वल्पविरामाने धूसर करून बघायचा. हातातल्या फोटोशी जुळतो का? जिथे जुळत नाही तिथे अंदाज दुरुस्त करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. अशा दहा, वीस, पन्नास फेऱ्या.

दुर्बीण

इथे हबल दुर्बिणीची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. एप्रिल १९९० मध्ये ती अवकाशात गेली आणि पहिली चित्रं धूसर आली. २.४ मीटरचा आरसा कडेला साधारण २.२ मायक्रॉनने जास्त सपाट घासला गेला होता, केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या भागाइतका. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी वर जाऊन दुरुस्ती करेपर्यंत खगोलशास्त्रज्ञांनी बरीच चित्रं याच रिचर्डसन-ल्यूसी पद्धतीने सुधारून वापरली. त्यांचं काम चाललं, कारण आरसा नेमका किती चुकलाय हे मोजता येत होतं आणि एकटा तारा त्यांना तो पसरलेला बिंदू आयताच दाखवत होता. तुमच्या फोटोत ते काम चष्म्यावरचा ठिपका करतोय.

शून्य_एक

@दुर्बीण, सुंदर. पण सावलीपान यांची अपेक्षा फार वर जाऊ नये म्हणून तीन अडचणी सांगतो.

पहिली अडचण अशी की चष्म्यावरचा ठिपका बहुधा पांढराफट्ट जळलेला असणार. वाटेचा आकार त्यातून कळतो, पण हात कुठे जास्त वेळ रेंगाळला ते कळत नाही. त्यासाठी जळलेला नसलेला फिका ठिपका घ्या. दुसऱ्या काचेवरचा चालेल.

दुसरी अडचण फोनच्या स्वतःच्या कारभाराची. फोटो साठवण्याआधीच फोन नॉईज (कमी उजेडात येणारे दाणे) पुसतो, कडांना धार लावतो, मग जेपेग करतो. जेपेग फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं आणि प्रत्येकातला बारीक तपशील टाकून देतं. ग्रुपवर पाठवताना आकार कमी होऊन पुन्हा जेपेग. उलट्या हिशेबात हे चौकोन फुगून वर येतात.

तिसरी गोष्ट मूळ गणितातली आहे. धूसर होताना काही बारकावे फक्त कमी होतात, ते वाढवून परत आणता येतात. काही मात्र थेट शून्याने गुणले जातात. शून्याने गुणलेला आकडा भागाकाराने परत मिळत नाही. डीकॉन्व्होल्यूशनमध्ये कडांभोवती तळ्यातल्या लहरींसारखी वलयं येतात, ती बरीचशी याच रिकाम्या जागांमुळे.

तिपाई

म्हणूनच मी पहिल्या प्रतिसादात विचारलं. १६०० च्या प्रतीवर कष्ट करू नका. जुना फोन आहे का घरात? भावाच्या संगणकावर बॅकअप? क्लाउडवर? मूळ फाइलच्या मागेपुढे आणखी फ्रेम असतील तर त्याही बघा. पुष्कळदा बटण दोनतीनदा दाबलेलं असतं आणि आपण एकच पाठवतो. काही फोन फोटोच्या आगेमागे छोटा व्हिडिओही साठवतात.

सावलीपान

जुना फोन कपाटात आहे. दोन वर्षं चार्ज केलेला नाही. बघते.

पानगळ

तोवर थोडं अवांतर. लोक ‘धूसर’ म्हणून दाखवतात त्या मोबाइल फोटोंपैकी कितीतरी ना हललेले असतात ना फोकस चुकलेले. लेन्सवर बोटाचा तेलकट ठसा असतो. ओळखायची खूण म्हणजे दिव्याभोवती लांब पिसारे आणि काळा रंग राखाडी. असल्या फोटोवर शार्पनेस ओढू नका. एडिटरमधला डीहेझ (धुरकटपणा काढणारा) किंवा ब्लॅक पॉइंट (काळा किती काळा ते ठरवणारा) स्लायडर हलवा, निम्मं काम तिथेच होतं. आणि पुढचा फोटो काढायच्या आधी सुती कापडाने काच पुसा.

नवशिक्या

पानगळ, तुमचं वाचून आत्ता माझ्या फोनची लेन्स पुसली. खरंच फरक आहे! एक विचारू का? माझे धूसर फोटो कागदावरचे आहेत, जुने प्रिंट. मोबाइलने त्यांचे फोटो काढून शार्प करत होतो. कागदाच्या खडबडीत ठिपक्यांनाच धार येते.

काळोखी_खोली

तो जाळीदार पोताचा कागद. स्टुडिओतल्या जुन्या प्रिंटमध्ये पुष्कळ सापडतो. मोबाइलने नको, फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा, टिफमध्ये साठवा आणि स्कॅनरचं स्वतःचं शार्पनिंग बंद ठेवा. मग प्रिंट अर्धी फेरी फिरवून पुन्हा स्कॅन करा. स्कॅनरचा दिवा एका बाजूने पडतो, त्यामुळे पोताच्या सावल्या दुसऱ्या वेळी उलट्या पडतात. दोन्ही स्कॅन सरळ करून एकमेकांवर जुळवा आणि वरच्या लेयरची अपारदर्शकता ५० टक्के ठेवा. जाळी बरीच विरते. उरलेली फूरियर फिल्टरने काढतात, तो फोटोतले पुन्हा पुन्हा येणारे नमुने वेगळे करून दाखवतो. जाळी ठरावीक अंतरावर येते, त्यामुळे तिथे तिचे ठळक तारे दिसतात आणि तेवढेच पुसता येतात.

आणि निगेटिव्ह असेल तर प्रिंटला हात लावू नका. प्रिंटमध्ये जे कधी उतरलंच नाही ते निगेटिव्हमध्ये असतं. मी पस्तीस वर्षं छपाई केली आहे. प्रिंट धूसर आणि निगेटिव्ह टकटकीत असं किती वेळा पाहिलं याची गणती नाही. एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा प्रिंट काढायच्या यंत्राचा, फोकस चुकलेला असायचा.

चष्मा_कुठाय

फोनवर झटपट करायचं असेल तर स्नॅपसीडमध्ये डिटेल्स आहे. त्यात ‘स्ट्रक्चर’ आणि ‘शार्पनिंग’ वेगळे आहेत. माणसाच्या चेहऱ्यावर स्ट्रक्चर वाढवू नका, त्वचा चामड्यासारखी होते.

रवाळ

@चष्मा_कुठाय +१. लाइटरूम वापरणाऱ्यांसाठीही एक सांगतो. शार्पनिंगमधला मास्किंग स्लायडर ऑल्ट दाबून ओढा. पांढरं दिसेल तिथे धार लागते, काळं दिसेल तिथे नाही. गाल आणि भिंत काळी होऊन फक्त डोळे, भुवया, केस पांढरे उरतील तिथे थांबा. रेडियस चेहऱ्याला १ च्या आसपास पुरतो. आणि हे सगळं १०० टक्के आकारात बघून करा. लहान करून बघितलं की हात सैल सुटतो.

पानगळ

हल्ली फोनच हे सगळं आपल्या नकळत करतात त्याची मला जास्त काळजी वाटते. मार्च २०२३ मध्ये एकाने चंद्राचा फोटो १७० बाय १७० पिक्सेल इतका लहान केला, वर मुद्दाम धूसर केला, संगणकाच्या पडद्यावर लावला आणि खोलीत अंधार करून सॅमसंगच्या फोनने त्याचा फोटो काढला. फोनने त्यात खळगे दाखवले. पडद्यावर ते नव्हतेच.

शून्य_एक

अक्षरं आणि आकड्यांच्या बाबतीत तर हे घातकच. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाला आढळलं की झेरॉक्सची काही वर्कसेंटर यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलत होती, ६ चा ८ होत होता. एआयचा संबंधही नव्हता. फाइल लहान करण्यासाठी यंत्र ‘सारखे दिसणारे’ तुकडे एकमेकांच्या जागी चिकटवत होतं. अक्षर धूसर झालं असतं तर माणसाने शंका घेतली असती. चुकीचा आकडा स्वच्छ आला, म्हणून कुणी शंका घेतली नाही.

धूसर नंबरप्लेट एआयने वाचायचा प्रयत्न करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, किंग काउंटीच्या न्यायाधीशांनी खुनाच्या खटल्यात एआयने सुधारलेला व्हिडिओ पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला.

सावलीपान

फोन चालू झाला!

तासभर चार्जिंगला लावल्यावर उघडला. फोटो आहे, ४००० बाय ३०००. @भिंग, स्वल्पविराम आता १५ पिक्सेलभर लांब आणि दोनेक पिक्सेल जाड आहे, आधीच्या प्रतीत सहाच होते. माहितीत शटर १/१५ सेकंद दाखवतोय. ग्रुपवरच्या प्रतीत हे काहीच नव्हतं.

आणि @तिपाई, तुमचं बरोबर निघालं. त्याच्या दोन सेकंद आधीची आणखी एक फ्रेम आहे. त्यात ती मान खाली घालून वाचतेय, हसत नाहीये, पण तो फोटो हललेला नाही. पापण्या खाली आहेत तरी डावी जास्त झुकलेली दिसते. मला ही फ्रेम आहे हेच माहीत नव्हतं.

तिपाई

हे वाचून फार बरं वाटलं. आधी दोन्ही फाइल दोन-तीन ठिकाणी ठेवा, मग बाकीचं. आणि १/१५ म्हणजे हातात धरून अवघडच होतं. जुना नियम असा की शटरचा वेग निदान १ भागिले फोकल लेंग्थ इतका हवा, ५० मिमीला १/५०. दंड भिंतीला टेकवा, अर्धा श्वास सोडा आणि लागोपाठ चारपाच फ्रेम काढा, त्यातली एखादी तरी स्थिर निघते.

भिंग

आता खऱ्या अर्थाने काम करता येईल. रॉथेरपी हे सॉफ्टवेअर आणि जिंप या एडिटरला जोडायचं जी-मिक यांत रिचर्डसन-ल्यूसी आहे आणि ती फुकट आहेत, पण तिथे धूसरपणा गोल, सगळीकडे सारखा पसरलेला धरतात. किंचित मऊ फोटोला छान. तुमच्या वळलेल्या स्वल्पविरामाला चालणार नाहीत. फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये मोशन ब्लरचा पर्याय आहे, पण तो सरळ रेघेचा. हात कसा हलला ते स्वतः शोधणारा ‘शेक रिडक्शन’ फिल्टर त्यांनी २०१३ मध्ये आणला होता, नंतरच्या आवृत्त्यांतून काढला. जुनी आवृत्ती कुणाकडे असेल तर करून बघावा.

स्वतःचा आकार देऊन करायचं तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या सायकिट-इमेज या संग्रहात तयार फंक्शन आहे. फोटो आणि ठिपक्याचा तुकडा द्यायचा, किती फेऱ्या ते सांगायचं. प्रोग्रामिंगची सवय नसेल तर मी करून देतो. पूर्ण फोटो नको, चेहऱ्याचा भाग आणि दुसऱ्या काचेवरचा फिका ठिपका कापून खासगी निरोपात पाठवा. ठिपका चेहऱ्याजवळचाच हवा. हात नुसता सरकत नाही, थोडा फिरतोही, त्यामुळे फोटोच्या कोपऱ्यात वाट वेगळी असते.

सावलीपान

पाठवलं. खूप खूप आभार.

भिंग

केलं. इथे सगळ्यांसाठी थोडक्यात नोंद करतो.

ठिपक्याचा २५ बाय २५ चा तुकडा घेतला, आजूबाजूच्या काचेचा रंग वजा केला, बेरीज १ होईल असा भागला. फोटोची गॅमा, म्हणजे साठवताना उजेडाच्या आकड्यांना दिलेला बाक, काढून तो सरळ प्रकाशाच्या आकड्यांत आणला, नाहीतर हिशेब चुकतो. फक्त उजेडाच्या चॅनेलवर काम केलं, रंग मूळचे ठेवले, म्हणजे रंगीत किनारी येत नाहीत.

५ फेऱ्यांना चष्म्याची काडी दुहेरी होती ती एक झाली. १५ ला डाव्या डोळ्याच्या पापणीची कड सुटी झाली आणि ओठांच्या कोपऱ्यातली सुरकुती दिसली. ४० ला धार आणखी वाढली, पण गालावर नक्षी उमटायला लागली. ती त्वचा नाही, जेपेगचे चौकोन आणि नॉईज. १०० ला चेहऱ्याभोवती वलयंच वलयं. मला १५ आणि २० च्या मधलं पटतं. तीन फाइल पाठवल्या आहेत. सावलीपान, त्यांना ओळखणाऱ्यांनीच निवडायचं. मला त्यातली धार दिसते, चेहरा नाही दिसत.

उजेडवाट

सूचना करू का? १५ फेऱ्यांची प्रत तळाला ठेवा. एआयची प्रत वरच्या लेयरवर घेऊन फक्त केस, साडी आणि पुस्तकावर मास्कने हलकी उतरवा, ३० टक्क्यांपर्यंत. चेहऱ्याला हात नाही. मी अशीच करते. डोळ्याला सगळा फोटो एकसारखा वाटतो आणि माणूस बदलत नाही.

रवाळ

हे चांगलं आहे. यावर माझी काही हरकत नाही.

काळोखी_खोली

छापणार असाल तर फार मोठा करू नका. १३ बाय १८ सेंटिमीटर पुरे. ४००० पिक्सेल तेवढ्या कागदावर आले की उरलेला हलका धूसरपणा डोळ्याला कळत नाही. शेवटची धार छापायच्या आकाराला आणल्यावरच लावा, आधी नाही. मॅट कागद जरासं मऊ करतो, तेव्हा पडद्यावर बरं वाटतं त्यापेक्षा किंचित जास्त लावा.

सावलीपान

दोन दिवस उत्तर दिलं नाही, माफ करा.

भिंग यांच्या तिन्ही फाइल भाऊ, मावशी आणि मी एकत्र बसून बघितल्या. आकडे झाकून ठेवले होते. तिघांनी वेगवेगळी निवडली असती तर काय करायचं याचा विचार करून ठेवला होता, तशी वेळ आली नाही. तिघांनीही १५ वालीवर बोट ठेवलं. ४० वाली बघून मावशी म्हणाली, “ही दमलेली दिसतेय.” गालावरची ती नक्षी बघून म्हणाली असावी.

डोळे अजून पूर्ण स्पष्ट नाहीत. बुबुळातला उजेड जरा ओढलेलाच आहे. पण डावी पापणी उतरलेली आहे, ओठाच्या कोपऱ्यात सुरकुती आहे आणि दातांतली फट म्हणून एक बारीक काळी रेघ दिसते. ती खरी की वलय, म्हणून भिंग यांना विचारलं. त्यांनी चौथी फाइल पाठवली, वेगळा ठिपका घेऊन केलेली. रेघ तिथेही त्याच जागी आहे.

उजेडवाट, साडीवर तुमची युक्ती २० टक्के वापरली. पुस्तकावर नाही वापरली, कारण एआयने कव्हरवर कुठल्याच लिपीत नसलेली अक्षरं लिहिली होती. चेहरा भिंग यांचाच. मागे पेन्सिलने लिहिलं आहे की मूळ फोटो हललेला होता, चेहरा गणिताने सरळ केला आहे, साडी थोडी एआयची आहे.

१३ बाय १८ चे दोन प्रिंट काढले. एक हसणारा आणि एक दोन सेकंद आधीचा, वाचतानाचा. दुसऱ्याला काहीच केलेलं नाही. दोन्ही एकाच चौकटीत लावले आहेत, वाचतानाचा डावीकडे.

दुर्बीण

धागा वाचनखुणांत ठेवला आहे. धन्यवाद, सावलीपान, शेवटपर्यंत सांगितल्याबद्दल.

नवशिक्या

@काळोखी_खोली, आज मोठ्या बहिणीला फोन करून विचारलं. निगेटिव्हचा डबा तिच्याकडे आहे म्हणाली. पट्ट्या एकमेकींना चिकटल्या आहेत, ओढून सुटत नाहीत. कशा सोडवायच्या?

काळोखी_खोली

ओढू नका! तिला सांगा की आहे तसा डबा बंद ठेव, ऊन आणि ओल लागू देऊ नको. आधी फिल्मच्या कडेवर ‘सेफ्टी’ (म्हणजे चटकन पेट घेणारी जुनी फिल्म नाही) लिहिलंय का ते बघून सांगायला सांगा. नवा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.